२४ अब्ज किलोमीटरवरचा पॅच

"फर्मवेअर अपडेट चालू असताना वीजपुरवठा खंडित करू नये."

हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलं असेलच. म्हणजे वाचलं नसेल, पण डोळ्यांखालून नक्की गेलं असेल. माझ्याही गेलं होतं. २००७ साली, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना, पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या टेस्ट लॅबमध्ये मी हे वाक्य वाचलं, मान डोलावली आणि 'नेक्स्ट' दाबलं.

समोर ३२ चॅनेलचा एक डेटा अ‍ॅक्विझिशनचा डबा होता. आमच्या भाषेत 'डॅक'. तापमान, दाब, कंपनं मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरी एका बाजूने आत जातात आणि दुसऱ्या बाजूने आकडे बाहेर पडतात, एवढंच त्याचं काम. तीन आठवड्यांची टेस्ट अर्ध्यावर आली होती. डब्याच्या जुन्या फर्मवेअरमध्ये वेळेची नोंद मध्येच उडी मारायची, म्हणून नवं फर्मवेअर टाकायचं ठरलं. कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा शांतपणे करू, असा विचार करून मी गुरुवार निवडला. कोणाला त्रास नको!

पुण्याच्या औद्योगिक भागात राहिलेले वाचक आत्ताच हसले असतील. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, कारण देखभालीसाठी लाइटही गुरुवारीच जाते.

प्रोग्रेस बार ७० टक्क्यांवर असताना पंखा बंद पडला. माझा लॅपटॉप बॅटरीवर मजेत चालू होता. डबा मात्र गप्प. तासाभराने लाइट आली तेव्हा त्यावर एकच लाल दिवा लागला, तो काही केल्या हिरवा होईना. लॅबमधल्या काकांनी (कागदोपत्री टेक्निशियन, खरं तर लॅबचे मालकच) डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त एवढंच म्हणाले, "अरे, आज गुरुवार. मला विचारायचंस तरी."

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्या डब्यामुळे मला एका जुन्या विषयाचा नाद लागला, आज त्याबद्दल लिहायचंय. जिथे हात पोचत नाही, जिथे जाऊन रीसेटचं बटण दाबता येत नाही, अशा यंत्राचं सॉफ्टवेअर माणसं बदलतात कशी?

जगातला सगळ्यात लांबचा डॅक

व्हॉयेजर याने सगळ्यांना माहीत आहेत. व्हॉयेजर २ उडालं २० ऑगस्ट १९७७ ला आणि व्हॉयेजर १ त्यानंतर, ५ सप्टेंबरला. फोटो आणि सोन्याची तबकडी यांच्याबद्दल सगळेच बोलतात. आपल्या कामाचा भाग तिसराच आहे. प्रत्येक यानात तीन प्रकारचे संगणक आहेत आणि प्रत्येकाची जोडी. एक पृथ्वीवरून आलेल्या आज्ञा सांभाळतो, दुसरा यानाची दिशा सांभाळतो. तिसरा म्हणजे फ्लाइट डेटा सबसिस्टीम, थोडक्यात एफडीएस. उपकरणांकडून मोजमापं घ्यायची, त्यांत यानाच्या तब्येतीचे आकडे मिसळायचे, सगळं ठरलेल्या साच्यात बसवायचं आणि रेडिओकडे सोपवायचं. म्हणजे डॅकच की!

त्याची मेमरी किती? १६ बिटांचे सुमारे ८,००० शब्द. म्हणजे १६ किलोबाइट. या लेखासोबत टाकलेला एखादा छोटा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

पण ही मेमरी कशाची बनवायची यावरूनच मोठा प्रश्न होता. तोवर यानांवर 'प्लेटेड वायर'सारखी चुंबकीय मेमरी वापरत. वीज गेली तरी त्यातलं लिहिलेलं पुसलं जात नाही. व्हॉयेजरच्या आज्ञा सांभाळणाऱ्या संगणकात तीच आहे. एफडीएसला मात्र ती पुरेना, कारण उपकरणांच्या वेगाशी जुळवून घ्यायला जलद मेमरी हवी होती. म्हणून डिझाइन करणाऱ्यांनी सीमॉस चिप्स निवडल्या. जलद, कमी वीज खाणाऱ्या, पण वीज गेली की कोऱ्या पाटीसारख्या. मग यावर तोड काढली ती अशी : यानाच्या अणुबॅटरीपासून (प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारं जनित्र) थेट या मेमरीपर्यंत एक वेगळी वीजवाहिनी ओढली. तर्क सरळ होता. ही वाहिनीसुद्धा बंद पडली तर अख्ख्या यानाचीच वीज गेलेली असेल, आणि मग मेमरी शाबूत राहून करायचंय काय?

माझ्या लॅपटॉपला बॅटरी होती आणि डब्याला नव्हती. ही चूक न करण्याची अक्कल या मंडळींना १९७० च्या दशकात होती. असो.

युरेनसच्या आधीचे सहा दिवस

मेमरी पुसता येते म्हणजे पुन्हा लिहिताही येते. व्हॉयेजरचं खरं आयुष्य इथून सुरू होतं.

मूळ मोहीम गुरू आणि शनी या दोन ग्रहांची. व्हॉयेजर २ पुढे युरेनसला जाणार हे नक्की झालं तेव्हा अडचण आली अंतराची. युरेनस इतका लांब की तिथून सिग्नल यायला सुमारे २ तास ४५ मिनिटं लागतात, आणि अंतर वाढलं की डेटा पाठवायचा वेग कमी करावा लागतो. फोटो पाठवायचे कसे? उत्तर सॉफ्टवेअरमध्ये सापडलं. एफडीएसच्या जोडीतला राखीव म्हणून ठेवलेला संगणक फोटो आवळण्याच्या कामाला लावला. प्रत्येक ठिपक्याची पूर्ण किंमत पाठवण्याऐवजी शेजारच्या ठिपक्यापेक्षा तो किती वेगळा आहे तेवढंच पाठवायचं. एका फोटोचे बिट्स त्यामुळे जवळपास ६० टक्क्यांनी कमी झाले. उडताना यानात नसलेली क्षमता आठ वर्षांनी त्याच्यात आली, आणि एकही स्क्रू न हलवता.

राखीव संगणक कामाला लावला की राखीव असं काही उरत नाही. त्याची किंमत १८ जानेवारी १९८६ ला समोर आली. युरेनसच्या सर्वांत जवळून जायला फक्त सहा दिवस राहिले होते आणि फोटोंवर काळ्या-पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या. कॅमेरा बिघडला? पृथ्वीवरचं सॉफ्टवेअर चुकलं? शेवटी त्यांनी मेमरीतला मजकूर जसाच्या तसा खाली मागवला आणि असायला हवा होता त्या मजकुराशी ताडून पाहिला. एक बिट. शून्य असायला हवं तिथे एक होतं.

तो बिट परत शून्य करता येत नव्हता. मग त्यांनी त्या जागेला वळसा घालणारा प्रोग्राम लिहिला आणि वर पाठवला. फोटो स्वच्छ झाले. २४ जानेवारीला व्हॉयेजर २ युरेनसजवळून गेलं. आजवर दुसरं कुठलंही यान तिथे गेलेलं नाही, त्यामुळे ते फोटो हुकले असते तर ते कायमचेच.

वळसा घालण्याची ही युक्ती लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

ज्यांचं चुकलं त्यांची गोष्ट

इथपर्यंत वाचून वाटेल की नासाचे लोक म्हणजे जादूगार. तसं नाहीये.

व्हायकिंग १ मंगळावर उतरलं २० जुलै १९७६ ला. ९० दिवस चाललं तरी पुरे अशी अपेक्षा होती, ते सहा वर्षांहून जास्त चाललं. बॅटऱ्या म्हाताऱ्या व्हायला लागल्या म्हणून चार्जिंगची पद्धत सुधारणारं सॉफ्टवेअर नोव्हेंबर १९८२ मध्ये पाठवलं. हेतू चांगलाच. पण नव्या मजकुराने नेमकी ती जागा व्यापली, जिथे अँटेना पृथ्वीकडे कशी रोखायची याची माहिती होती. यान बिघडलं नाही, त्याला फक्त पृथ्वी कुठे आहे ते आठवेना. त्यानंतर त्याचा आवाज कधीच आला नाही.

दुसरं उदाहरण मार्स ग्लोबल सर्व्हेयरचं, आणि मला ते जास्त भीतिदायक वाटतं. हे यान १९९७ पासून मंगळाभोवती फिरत होतं. त्याच्या दोन नियंत्रण संगणकांमधल्या काही किमती एकमेकींशी किंचित जुळत नव्हत्या, म्हणून जून २००६ मध्ये दुरुस्ती पाठवली. दुरुस्तीत मेमरीचा पत्ता चुकला. आणि झालं काय? काहीच नाही! यान पाच महिने छान चाललं. २ नोव्हेंबर २००६ ला सौर पंख हलवण्याची नेहमीची आज्ञा गेली तेव्हा ती चुकीची किंमत जागी झाली. पंख अडकलाय असा यानाचा समज झाला. त्याने स्वतःला अशा स्थितीत वळवलं की एक बॅटरी थेट उन्हात आली. ती तापली. तापली म्हणजे भरली असणार, असं समजून यानाने चार्जिंग थांबवलं. अँटेनाही भलतीकडेच रोखलेली, त्यामुळे यातलं काही पृथ्वीला कळेना. साधारण १२ तासांत दोन्ही बॅटऱ्या संपल्या असाव्यात, असा चौकशी समितीचा अंदाज होता. समितीने असंही म्हटलं की ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली होती, पण ती कार्यपद्धतीच अशी चूक पकडायला अपुरी होती.

म्हणजे पाहा. माझा डबा मेला तो लिहिणं अर्धवट राहिल्यामुळे. या दोन्ही यानांमध्ये लिहिणं पूर्ण झालं, पण लिहिलं चुकीच्या जागी. पहिली चूक निदान लाल दिवा तरी दाखवते. दुसरी 'अपडेट यशस्वी' असं सांगून झोपी जाते.

आधी धाकट्यावर करून पाहू

आता २०२३ मध्ये या. त्याच्या आदल्या वर्षी व्हॉयेजर १ च्या दिशा सांभाळणाऱ्या संगणकाने स्वतःबद्दलची माहिती असंबद्ध पाठवायला सुरुवात केली होती. ती माहिती कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका संगणकातून पाठवत होता म्हणे! तो प्रश्न २०२२ मध्येच सुटला, पण पुन्हा तसं होऊ नये म्हणून पॅच लिहायचं ठरलं.

तो टाकायची पद्धत आपल्यासारख्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. कोड लिहायला, तपासायला, पुन्हा तपासायला काही महिने दिले. मग तो आधी पाठवला व्हॉयेजर २ ला, जिथे ती अडचण आलेलीच नव्हती. का? तर व्हॉयेजर १ जास्त लांब आहे, त्याचा डेटा जास्त मोलाचा, म्हणून पहिला प्रयोग जुळ्या भावावर. २० ऑक्टोबर २०२३ ला पॅच वर गेला, पण चालू केला नाही. लिहिलेलं योग्य जागी बसलंय का हे मेमरी परत वाचून बघायचं, आणि ते ठीक असेल तरच २८ तारखेला तो चालू करायची आज्ञा द्यायची, असं आधीच ठरलं होतं. लिहिणं वेगळं, तपासणं वेगळं, चालू करणं वेगळं. एका बाजूचा सिग्नल पोचायलाच १८ तासांहून जास्त लागतात, तिथे घाई करून मिळणार तरी काय?

मोबाईलच्या अ‍ॅपचं नवं व्हर्जन आधी एक टक्का लोकांना देतात ना, तीच कल्पना. फक्त इथे एकूण ग्राहक दोन :-)

जागा नाही म्हणून तुकडे

आणि मग १४ नोव्हेंबर २०२३ ला व्हॉयेजर १ ने अर्थपूर्ण डेटा पाठवणं बंद केलं. सिग्नल येत होता, पण त्यात शून्य आणि एकचा तोच तोच नमुना. कोणीतरी फोन उचलून नुसतं 'हॅलो हॅलो हॅलो' म्हणत राहावं तसं. संशय एफडीएसवर होता. राखीव एफडीएसवर जावं, तर तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गेलेला.

यान आज्ञा ऐकत होतं, पण उत्तर द्यायचं तोंडच बंद. एक आज्ञा पाठवली की उत्तरासाठी ४५ तास थांबायचं, आणि ते उत्तरही वाचता येत नाही. हाताशी होती ती ५० वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी लिहिलेली कागदपत्रं. ती लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही हा प्रसंग आला नसेल.

१ मार्च २०२४ ला टीमने एफडीएसला हलकासा धक्का देणारी आज्ञा पाठवली : बिघडलेला भाग टाळता येतो का, म्हणून प्रोग्राममधल्या वेगळ्या वाटेने जाऊन बघ. ३ मार्चला आलेल्या सिग्नलचा एक तुकडा वेगळा दिसला. नेहमीच्या साच्यात तो बसत नव्हता, पण अँटेना चालवणाऱ्या डीप स्पेस नेटवर्कच्या एका इंजिनिअरने तो उलगडला. १० मार्चला कळलं की त्यात एफडीएसची संपूर्ण मेमरी आहे!

पुढचं काम १९८६ सारखंच. बिघाडाच्या आधीची प्रत आणि ही प्रत समोरासमोर ठेवायची आणि फरक शोधायचा. सुमारे ३ टक्के मेमरी खराब निघाली, म्हणजे जेमतेम अडीचशे शब्द. कारण, एकच चिप गेली होती. अवकाशातला एखादा ऊर्जावान कण आदळला असेल, नाहीतर ४६ वर्षांनी ती सरळ थकली असेल.

चिप बदलता येत नाही. तिच्यातला कोड दुसरीकडे हलवावा, तर अख्खा मावेल एवढी सलग मोकळी जागा कुठेच नाही. मग त्यांनी कोडचे तुकडे केले आणि मिळेल त्या कोपऱ्यात एकेक तुकडा बसवला. हे सगळे तुकडे पुन्हा एकसंध चालायला हवेत आणि बाकीच्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे जुन्या जागेचा पत्ता आहे तिथे तिथे नवा घालायला हवा. एक पत्ता चुकला की काय होतं ते आपण वर पाहिलंच.

आणि एवढं सगळं एकदम पाठवलं का? नाही. आधी फक्त यानाच्या तब्येतीचे आकडे पाठवणारा भाग. १८ एप्रिलला तो वर गेला. साडेबावीस तास जायला, साडेबावीस तास यायला. २० एप्रिल २०२४ ला, पाच महिन्यांनी पहिल्यांदाच, व्हॉयेजर १ ने आपली तब्येत कळवली. ते चालतंय म्हटल्यावर मे महिन्यात दोन उपकरणं आणि जूनमध्ये उरलेली दोन परत आली. यान तेव्हा पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरवर होतं.

पुन्हा त्या गुरुवारी

आता माझा डबा. त्यात एकच फ्लॅश होती आणि जुनं फर्मवेअर पुसूनच नवं लिहिलं जायचं. त्यामुळे अर्धवट राहिलं की ना जुनं ना नवं. आजकाल बऱ्याच यंत्रांत दोन कप्पे असतात. नवं फर्मवेअर रिकाम्या कप्प्यात लिहायचं, चेकसम तपासायचा, मगच तिकडून सुरुवात करायची, आणि नीट चाललं नाही तर वॉचडॉगने आपोआप जुन्या कप्प्यावर परत आणायचं. आपल्या हातातल्या फोनमध्येही बहुधा हेच चालू असतं. माझ्या डब्यात यातलं काही नव्हतं, हे खरं. पण मी ते आधी विचारलंही नव्हतं, हेही खरं.

डबा कंपनीकडे गेला आणि नऊ दिवसांनी जिवंत होऊन परत आला. मात्र प्रत्येक चॅनेलचे कॅलिब्रेशनचे आकडे पुसले गेले होते. आकडे नाहीत म्हणजे टेस्टच्या पहिल्या अर्ध्या भागाशी दुसरा अर्धा जुळवायचा कसा? सगळं पहिल्यापासून करावं लागणार, असं साहेबांना सांगायची मी मनात तयारी करत होतो. राजीनाम्याचा मसुदाही मनात झाला होता.

काकांनी कपाटातून एक फुलस्केप वही काढली. ३२ चॅनेल, ३२ ओळी, निळ्या शाईत. शून्याची चूक, गुणक, तारीख, सही.

"काका, हे तुम्ही कधी लिहिलंत?"

"दर वेळी लिहितो. मशीनवर विश्वास आहे रे, पण उद्या ते बोललंच नाही तर?"

दुपारभर आम्ही दोघांनी ते आकडे भरले. त्यांनी वाचायचे, मी टाइप करायचे, आणि मग मी स्क्रीनवरून परत वाचायचे आणि त्यांनी वहीत टिक करायची. मेमरी परत वाचून ताडून बघणं म्हणतात ते हेच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टेस्ट वाचली. माझी नोकरीही.

२०२४ च्या मार्चमध्ये व्हॉयेजरच्या मेमरीची आधीची प्रत नसती, तर नंतरची मिळून काही उपयोग नव्हता. ती प्रत म्हणजे काकांची वहीच. 'बिघाड झाला तर' या एका विचारापोटी कोणीतरी, कोणी सांगितलेलं नसताना, कंटाळा न करता लिहून ठेवलेली.

काका आता निवृत्त झालेत. मी मात्र आजही कुठलंही अपडेट टाकण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहितो : आत्ता आत काय आहे त्याची प्रत माझ्याकडे आहे का, अर्ध्यावर थांबलं तर परतीची वाट कुठली, लिहिलेलं परत वाचून कसं तपासणार, आणि पहिला प्रयोग कोणावर. आणि पाचवी, खास पुणेरी : आज वार कुठला?

जाता जाता. व्हॉयेजरवरच्या त्या सोन्याच्या तबकडीत मराठीतला एक नमस्कार आहे आणि आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. व्हॉयेजर १ उडालं आणि त्यानंतर ११ दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई मुंबईत गेल्या. तबकडीवर कोरलेलं कधी बदलता येत नाही, आणि बदलायची गरजही नाही. पण तिला घेऊन जाणारं यान अजून बोलत राहिलं, ते मात्र आतलं लिहिलेलं पुन्हा पुन्हा, फार जपून, बदलता आलं म्हणून.

चला, चहा गार झाला. घरच्या राउटरचं अपडेट आठवडाभर वाट बघतंय. आज शनिवार आहे ना? मग हरकत नाही.